ताळा

तासगावात कोल्ड स्टोरेजच्या मागं एक खोली आहे.
रविवारी तिथं सात बायका बसतात माझ्यासमोर,
सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्या.
बोटांना बेदाण्याचा चिकटा,
त्यामुळं वहीची दोन-दोन पानं एकदम उलटतात
आणि मधलं एक प्रकरण राहून जातं.

फळ्यावर लिहिते :
समजा, हिरव्या बेदाण्याचा भाव किलोला क्ष रुपये,
काळ्याचा य.
एका व्यापाऱ्याने दोन्ही मिसळले...

"कुणी मिसळला?" बिल्किस मुलाणी मान वर करते.
"हिरव्यात काळा घातला तर माल परत येतोय, बाई.
दिवसभर आमी तेच तर निवडतोय."
बायका हसतात.
पुस्तकातला व्यापारी खडूच्या धुळीत
दोन पोती घेऊन उभाच.

बरं, मग तूच सांग उदाहरण, म्हणाले मी.
पंचवीस वर्षांत हे कुणाला म्हटलं नव्हतं.
उदाहरणं छापूनच येतात,
असं मीही धरून चालले होते.

तिनं पदराच्या गाठीतून खाकी पाकिटाचा तुकडा काढला.
मागला आठवडा : हिरव्या पेट्या चोवीस, पिवळ्या सोळा,
हातात तेराशे साठ.
ह्यो आठवडा : हिरव्या छत्तीस, पिवळ्या चोवीस,
हातात एकोणीसशे वीस.
"एका पेटीला किती पडत्यात, इचारलं
तर मुकादम म्हणतोय, बसतंय त्यात सगळं."

क्ष आणि य तिनंच मांडले.
पहिल्याला आठनं भागलं, दुसऱ्याला बारानं,
काड्या वेचाव्यात तशी, न बघता.
डावीकडं दोन्हींत तेच उरलं,
तीन क्ष अधिक दोन य.
उजवीकडं एकात एकशे सत्तर.
एकात एकशे साठ.

"चुकलं, बाई."
मी ताळा केला. पुन्हा केला.
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
मग आलेख काढायला लावला.
पट्टी नव्हती, पेटीच्या पुठ्ठ्याची कड धरली.
दोन रेघा निघाल्या शेजारी शेजारी,
एका चुलीवरच्या, अबोला धरलेल्या
दोन जावांसारख्या.

"ह्यांची गाठ कुठं पडती?"
पडत नाही. याला म्हणतात, उकल नाही.
"म्हंजे दोन्ही आठवड्यांत बसंल
असा भावच न्हाई?"
नाही.
ती गप्प झाली. बोटांच्या पेरांवर काही मोजलं
आणि कागदाकडं न बघता म्हणाली,
"एकशे वीस."
ते मी अजून काढलं नव्हतं.

सोमवारी घडी घातलेला आलेख
तिनं मुकादमापुढं ठेवला.
आण्णासोनं म्हणे उलटा धरून बघितला,
बराच वेळ.
मग म्हणाला, तूट धरलीय. ओलीची.

पुढच्या रविवारी आल्या आल्या :
"बाई, क्ष झालं, य झालं.
तुटीला कुठलं अक्षर?"

झ घे, म्हणाले.
पण अज्ञात तीन झाले, बिल्किस,
आता दोन ओळींत भागायचं नाही.

ती काही बोलली नाही, नुसती मागं वळली.
साळुबाई खोतांनी कनवटीचं पाकीट काढलं.
शेवंता ऐवळेनं कॅलेंडरचं पान,
त्यावर दुधाच्या खाड्यांत मिसळलेल्या पेट्या.
कुणाच्या तळहातावर नुसत्या रेघा,
पाच झाल्या की आडवी एक.
फळ्यावरची जागा संपली,
तेव्हा मी दारावर लिहिलं.

दार अजून पुसलेलं नाही.
मुकादम त्याला पाठ लावून चहा पितो,
त्याच्या सदऱ्यावर उमटतो कधी अर्धा क्ष.

मार्चच्या पेपरात बाप-लेकाचं वय आलं.
बिल्किसनं सोडवलं, ताळा मांडला,
आणि त्याला मार्क नसतानाही
खाली एक ओळ लिहून आली
तपासणाऱ्यासाठी :
दोन्हीत घालून बघितलं. बसतंय.